अटी, शर्ती आणि तेजराव सर

आमच्या गल्लीत कुणाकडे मयत झाली की तेजराव सर सगळ्यांत आधी पोचतात, आणि सगळ्यांत आधी त्यांनाच तिथून बाहेर काढावं लागतं.

कोपऱ्यावरचे सोपानराव गेले तेव्हाची गोष्ट. ओसरीवर सतरंजी टाकलेली, बायका आत रडतायत, पुरुष खाली मान घालून जमिनीवरच्या रेघा मोजतायत. तेजराव सर माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या सोपानरावांच्या मुलीवर खिळलेली. मला वाटलं, माणूस हळवा झालाय. एवढ्यात ते माझ्या कानाशी लागले.

"वायाळ सर, अकरावीले आहे न हे?"

"हो."

"सायन्स?"

"सर, नंतर."

ते वर आढ्याकडे बघू लागले. ओठ पुटपुटत होते. लोकांना वाटलं नामस्मरण. मला एवढ्या जवळून स्पष्ट ऐकू येत होतं: "कमावता पालक मयत... मुलगी... ग्रामीण... उत्पन्न मर्यादेच्या आत..." आणि मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बसते!"

आतलं रडणं थांबलं. बाहेरच्या माना वर झाल्या. मी त्यांच्या दंडाला धरलं, "यांना शुगर आहे, मधूनच असं होतं," असं जमलेल्या मंडळींना सांगितलं आणि रस्त्यावर आणलं. रस्त्यावरही ते मला अटी सांगत होते.

पुढे त्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळाली. ती आता अकोल्याला नर्सिंगला आहे. तिची आई सरांच्या घरावरून जाताना पदर सावरून नमस्कार करते. माझ्याकडे मात्र ती अजून रागाने बघते. त्या दिवशी ओरडलो तो मीच, अशी तिची पक्की समजूत आहे, आणि ती दूर करायची ताकद आता माझ्यात नाही.

तेजराव सुरडकर म्हणजे चिखलीतल्या एका शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक. मी दुसऱ्या शाळेत मराठी शिकवतो आणि त्यांच्या समोरच्या घरात राहतो. चित्रकलेचा तास म्हणजे बाकीच्या मास्तरांनी आपला राहिलेला अभ्यासक्रम उरकून घेण्याची जागा. गणिताचे सर आले, तास घेऊन गेले. विज्ञानाच्या बाई आल्या, तास घेऊन गेल्या. सरांच्या हाती उरायचे ते पोरांनी वहीच्या मागच्या पानावर काढलेले बैल. सर ते बैल फाडून घ्यायचे आणि कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला पाठवून द्यायचे. एका बैलाला बक्षीस लागलं. तेव्हापासून हा माणूस जो सुटला, तो निवृत्तीनंतरही थांबलेला नाही. चित्रं मागे पडली. आता माणसंच ते स्पर्धेला पाठवतात.

शिष्यवृत्त्या, स्पर्धा, फेलोशिपा, शिक्षकांसाठी पुरस्कार, शाळांसाठी निधी, कुठे काय निघालंय हे त्यांना ठाऊक असतं. जगातल्या माणसांचे इतरांनी धर्म पाडले, जाती पाडल्या. सरांनी दोनच गट पाडले आहेत, बसणारे आणि न बसणारे. आणि न बसणारा माणूस त्यांना अजून भेटलेला नाही. तो कशात बसतो हे फक्त शोधायचं राहिलेलं असतं. लग्नात आहेर देताना ते नवरीला विचारतात, "पदवीचं शेवटचं वर्ष राह्यलं न तुझं? लग्नानंतरही भरता येते." नवरी बिचारी अक्षता झटकत मान हलवते.

त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते मी हजार वेळा ऐकलं आहे. "वायाळ सर, बक्षीस हुशाराले नाई भेटत. अर्ज करनाराले भेटते. हुशार मानूस घरी बसून राह्यते, आपल्याले कोनी बोलावन म्हनून."

या तत्त्वज्ञानाचा सगळ्यात मोठा बळी मी. एका जिल्ह्याबाहेरच्या संस्थेची शिक्षकांसाठी स्पर्धा होती, आपल्या वर्गातल्या पाठाचा व्हिडिओ पाठवायचा. मी नको म्हणालो. सरांनी माझं नाव देऊन टाकलं होतं. मी मोबाइल टेबलावर पुस्तकाला टेकवून उभा केला आणि तळमळून एक कविता शिकवली. कॅमेरा उलट्या बाजूचा चालू होता. परीक्षकांना दिसलं ते टेबलावरचं डस्टर, आणि शेवटी माझ्या नाकपुड्या अगदी जवळून, "बंद कसं होते बे हे?" असं विचारणाऱ्या. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आमच्या तालुक्यातून दुसरा अर्जच नव्हता. प्रमाणपत्र सरांनी स्वतः फ्रेम करून आणलं. माझ्या दिवाणखान्यात अजून आहे. पाहुणे विचारतात, मी विषय बदलतो.

आमचा पेपर एक आहे. म्हणजे मी घेतो आणि आधी सर वाचतात. सकाळी पोरगा त्यांच्याच ओट्यावर टाकतो. पहिलं पान ते बघतही नाहीत. आतल्या पानांवरच्या कोपऱ्यातल्या चौकटी, "अर्ज मागविण्यात येत आहेत" असं जिथे बारीक अक्षरात असतं, तिथून त्यांची सकाळ सुरू होते. ती चौकट ते कात्रीने कापून काढतात आणि मग पेपर माझ्याकडे येतो, खिडक्या पडलेला. मला जग त्या खिडक्या सोडून समजतं. मंत्रिमंडळाचा विस्तार मला अर्धा कळला. क्रिकेटचा एक सामना माझ्यापुरता अजून चालूच आहे.

एकदा तर एका जुन्या मुख्याध्यापकांचं नाव दिसलं, पुढे "यांचे", मग खिडकी, आणि खिडकीपलीकडे "दुःखद निधन". मी हार घेऊन गेलो. दार त्यांनीच उघडलं. हार लपवायला जागा नव्हती. मी तो त्यांच्या गळ्यात घातला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. वारले होते ते त्यांचे सासरे.

पण या सगळ्यापेक्षा विहिरीचं प्रकरण मोठं.

मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची निबंध स्पर्धा होती. विषय, माझ्या आयुष्यातला न विसरता येणारा प्रसंग. सरांनी सकाळी फर्मान सोडलं, "नववीचा अख्खा वर्ग पाह्यजे." तो महिना असा होता की एक सर्वेक्षण संपून दुसरं सुरू झालेलं, रोज कुठली तरी माहिती कुठल्या तरी ॲपवर चढवायची, ती चढायची नाही, म्हणून पुन्हा चढवायची. मी खुर्चीतून उठण्याच्या परिस्थितीत नव्हतो. मी फळ्यावर एक नमुना लिहून दिला. लहानपणी मी विहिरीत पडलो, काशिनाथकाकांनी दोर टाकून मला वर काढलं, आणि वर आल्यावर मला जीवनाचं मोल कळलं. "यावरून आपापलं लिहा," असं म्हणून मी डोळे मिटले.

पोरांनी आपापलं लिहिलं. अख्खा वर्ग त्याच विहिरीत पडला. मुलीसुद्धा "मी पडलो" म्हणाल्या. सगळ्यांना काशिनाथकाकांनीच काढलं आणि वर आल्याबरोबर प्रत्येकाला जीवनाचं मोल कळलं.

पंधरवड्याने त्या संस्थेतल्या एका बाईंचा शाळेत फोन आला. बाईंचा आवाज कापत होता.

"सर, ती विहीर अजून तशीच आहे का हो?"

"कुठली विहीर?" मी विचारलं. मी विसरून गेलो होतो.

"इतकी मुलं पडली, आणि तुम्ही कुठली विचारताय? आणि ते काशिनाथकाका, त्यांचा सत्कार करायचा आहे आम्हाला."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी सांगितलं, काशिनाथकाका वारले. बाई म्हणाल्या, मग निदान विहिरीला कठडा बांधायला त्यांच्याकडून मदत मिळू शकेल.

संध्याकाळी हे मी तेजराव सरांना सांगितलं. मला वाटलं, ओशाळतील. ते उठून उभे राहिले. "म्हंजे शाळा सुरक्षा निधी! वायाळ सर, तुमची शाळा बसते!"

"सर, पण आमच्याकडे विहीरच नाही."

सरांनी क्षणभर विचार केला. "मंग पहिले विहिरीसाठी अर्ज करू."

हे असं चालायचं. मी थकून जायचो, ते थकायचे नाहीत. त्यात पुन्हा मुलाखती. एखाद्या पोराला कुठून मुलाखतीचं बोलावणं आलं, की सर आपल्या घरात तिची तालीम घ्यायचे. बैठकीत टेबल, त्यावर धुतलेली चादर, झाकलेला पाण्याचा ग्लास. सर अध्यक्ष. त्यांच्या अंगात उन्हाळ्यातही कोट. मी "बाहेरचे तज्ज्ञ". समोरच्या घरातून आलेला म्हणून बाहेरचा, बाकी कशाचाही तज्ज्ञ नाही. उमेदवाराने मागच्या दाराने बाहेर जायचं, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी यायचं आणि "मी आत येऊ का, सर?" असं विचारायचं. अध्यक्षांच्या खुर्चीत बसले की सर वऱ्हाडी बोलायचे नाहीत. "मले-तुले" दाराबाहेर. एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी. एका पोराला ते ऐकूनच धडकी भरली. तो बाहेरून आत यायच्या ऐवजी सायकल घेऊन घरी गेला.

तज्ज्ञ म्हणून मला एकदाच प्रश्न विचारू दिला होता. मी विचारलं, "तुमचा आवडता विषय कोणता?" मुलगी म्हणाली, "मराठी सोडून सगळे." तेव्हापासून माझं काम फक्त मान हलवण्याचं. शिवाय तालमीनंतर पोहे मिळायचे, आणि ते सर स्वतः करायचे, आणि फार चांगले करायचे. माझी बायको मुलाच्या बारावीसाठी संभाजीनगरला खोली करून राहिलीय, मी खानावळीत जेवतो. पोह्यांसाठी माणूस तज्ज्ञसुद्धा होतो.

आता वैशालीबद्दल सांगायला पाहिजे.

वैशाली सरांची सून. साखरखेर्ड्याकडच्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोज सकाळी स्कूटीवर जाते, संध्याकाळी अर्ध्या रस्त्याची धूळ अंगावर घेऊन येते. तिचा नवरा मंगेश पुण्यात कंपनीत. तो महिन्यातून एकदा-दोनदा येतो, रविवारी दुपारीच परतीच्या गाडीची वेळ बघायला लागतो. वैशालीने बदलीसाठी प्रयत्न करून झाले. दर वर्षी यादी लागायची, दर वर्षी ती यादीच्या खाली राहायची. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा घरात दोघंच, सासरा आणि सून. सासरा दिवसभर गावाला कुठे ना कुठे बसवत हिंडणार आणि सून संध्याकाळी येऊन म्हणणार, "मामाजी, आज जेवले का तुम्ही, का नुसतेच अर्ज खाल्ले?"

आणि मग एक दिवस पेपर अख्खा आला.

मी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, उजेडासमोर धरलं. एकही खिडकी नाही. सरांना बरं नाही की काय? पण ते समोर ओट्यावर दात घासत होते. मग मी निवांत पेपर वाचायला घेतला, इतक्या वर्षांनी सलग, आणि पाचव्या पानाच्या कोपऱ्यात मला ती चौकट दिसली. प्राथमिक शिक्षकांसाठी फेलोशिप. दोन वर्षं, पुण्यात. शाळेतून रीतसर प्रतिनियुक्ती. राहायची सोय, कुटुंबासह.

मला आधी वैशाली आठवली नाही, हे खरं सांगतो. मला एवढंच वाटलं, की म्हाताऱ्याच्या नजरेतून एक सुटली! आयुष्यात पहिल्यांदा मला सापडलं आणि त्यांना नाही! दिवसभर मी तो आनंद शाळेत जपून ठेवला आणि संध्याकाळी पेपर नाचवत त्यांच्याकडे गेलो.

सर ओसरीवर लसूण सोलत होते. वैशाली नुकतीच आलेली, हेल्मेट हातातच.

"सर, आज चुकले तुम्ही!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "पाह्यली म्या ते. आपल्या कामाची नाई."

"काऊन नाही?" मी खुर्ची ओढली. "प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद, पुणे. सर, ही तर आपल्या वैशालीसाठीच छापली आहे."

"वयात बसत नाई."

"पस्तिशीच्या आत पाहिजे. वैशाली, तुझं वय किती गं?"

"एकतीस," वैशाली म्हणाली.

"मंग अनुभव कमी पडन."

"तीन वर्षं मागतात. हिला सात झाली."

"त्याइले मराठी मीडियमचे चालत नाईत."

"'मराठी माध्यमास प्राधान्य,'" मी बोट ठेवून वाचलं.

मला नशा चढली होती. अटी-शर्तींच्या मैदानात मी तेजराव सरांना मागे रेटत होतो. त्यांनी म्हणावं बसत नाही, मी वाचून दाखवावं बसते. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. ते सोललेल्या पाकळ्याच पुन्हा सोलत होते. पाकळी बारीक होत होत बोटांत नाहीशी व्हायची, की ते दुसरी सोललेली उचलायचे.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण मी मास्तर. हातात घेतलेला उतारा अर्धा सोडायची मला सवय नाही. "शेवटची तारीख," मी मोठ्याने वाचलं, "या महिनाअखेर."

मग वैशालीने हेल्मेट खुंटीला लावलं आणि भिंतीकडेच बघत म्हणाली, "मामाजी, म्या सकाळीच पाह्यली ते. शाळेत मॅडमनं दाखवली."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी फोन करान म्हनून दिवसभर वाट पाहून राह्यली होती."

सर उठले. लसणाचं ताट घेऊन आत गेले. टरफलं ओट्यावर तशीच राहिली. वैशाली मला म्हणाली, "वायाळ सर, चहा घेता का?" हा प्रश्न ज्या आवाजात विचारला गेला, त्या आवाजाला उत्तर 'नाही' असंच असतं. मी रस्ता ओलांडून घरी आलो. पेपर तिथेच विसरलो.

पुढचे दोन-तीन दिवस पेपर अख्खाच येत होता. मला तो वाचवेना. सगळ्या बातम्या पूर्ण, आणि एकीतही काही जीव नाही. समोरचं दार अर्धं लोटलेलं असायचं. सकाळी एकदा एक बाई आपल्या मुलाची गुणपत्रिका घेऊन आली आणि सरांना भेटून परत चालली. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "मंग येजा म्हने." तेजराव सरांनी कुणाला नंतर या म्हणावं! मला रात्रीचं जेवण गेलं नाही. अर्थात खानावळीचं ते एरवीही जात नाही.

मग एका सकाळी माझ्या दाराची कडी जोरात वाजली. सर. हातात मी विसरलेला पेपर, पाचव्या पानाला सुबक चौकोनी खिडकी. काखेत फाइल.

"वायाळ सर, त्याइले एक मनोगत लागते. दोन पानं. वैशालीनं लिह्यलं. तुमी यात काही लिहू नका. फकस्त वाचा, अन् कुठी विहीर आली असली तं सांगा."

मी वाचलं. विहीर नव्हती. वस्तीवरची पोरं ऊसतोडीला आईबापाबरोबर जातात, चार महिन्यांनी परत येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात, अशा पोरांना पुन्हा कसं वाचतं करायचं, यावर तिला काम करायचं होतं. मी एक स्वल्पविराम घातला. सरांनी तो माझ्यासमोर खोडला.

त्यानंतरचे दिवस तेच जुने. फोटो फिकट निळ्या पार्श्वभूमीवर पाहिजे म्हणून फोटोवाल्याशी भांडण. झेरॉक्स काळी आली म्हणून झेरॉक्सवाल्याशी भांडण. फॉर्म अर्ध्यात अडकला म्हणून जगाशी भांडण. पण सर एकदाही मांडीवर थाप मारून "बसते" म्हणाले नाहीत. अर्ज गेला. थोड्या दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. वैशालीने ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "रविवारी तालीम."

रविवारी दुपारी मी गेलो तर टेबल मांडलेलं होतं. चादर, झाकलेला ग्लास, कोट. वैशालीने जांभळी साडी नेसली होती. ती मागच्या दाराने गेली, वळसा घालून पुढे आली.

"मी आत येऊ का, सर?"

"या. बसा." सर सुनेला ओळखतच नसल्यासारखे. "आपलं पूर्ण नाव?"

वैशालीने नाव सांगितलं. ओठ दाबून हसूही दाबलं. मग शाळेचं, पोरांचं, ऊसतोडीचं विचारून झालं. उत्तरं छान देत होती. मी मान हलवत होतो.

"या फेलोशिपमुळे आपण पतीजवळ राहायला जाल. आपला अर्ज त्यासाठीच आहे, असा कोणी समज करून घेतला तर?"

मला वाटलं, हे जरा जास्त झालं. वैशाली शांतपणे म्हणाली, "समज बरोबर आहे, सर. पण अर्धा. पोरांचं काम मी एरवीही करणार आहे. ते शिकून करायचं आहे. आणि नवऱ्याजवळ राहून करता आलं तर मला आवडेल. त्यात लपवण्यासारखं काय?"

"ठीक." सरांनी पाण्याचा ग्लास उघडला, प्यायले नाहीत, झाकला. "घरी मागे कोण?"

"सासरे."

"ते काय करतात?"

"लोकांना बाहेर पाठवतात."

मला हसू आलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ते टेबलावरची चादर सारखी करू लागले. सारखीच होती ती. मग एकदम म्हणाले, "अन् तुमी गेल्यावर त्याइचं कसं होईन?"

खुर्चीतून वऱ्हाडी आलेली मी पहिल्यांदाच ऐकली. वैशालीलाही ऐकू आली. पण ती उमेदवाराच्या खुर्चीतच राहिली, पाठ ताठ, हात मांडीवर.

"सर, त्यांना स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा येतो. पण ते एकट्यासाठी गॅस पेटवत नाहीत. समोर जेवणारा लागतो. म्हणून समोरच्या वायाळ सरांची खानावळ मी पुढच्या महिन्यापासून बंद केली आहे. खानावळवाल्याला सांगून झालं. वायाळ सरांना अजून सांगितलेलं नाही."

बाहेरच्या तज्ज्ञांना ठसका लागला. झाकलेला ग्लास शेवटी मीच प्यायलो.

"हे त्यांचं झालं," सर म्हणाले. आवाज पुन्हा पुस्तकातला करायचा प्रयत्न चालला होता. "आपली स्वतःची काही अडचण?"

वैशाली म्हणाली, "आहे एक, सर. संध्याकाळी मी भाकरी टाकते तेव्हा सासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसतात आणि दिवसभरातली कात्रणं मला वाचून दाखवतात. वय, शिक्षण, अटी, शेवटची तारीख. मला त्यातलं काही नको असतं. अर्धं मी ऐकतही नाही. पण तो आवाज चालू असला की माझ्या भाकऱ्या कधी होतात ते मला कळत नाही. पुण्यात भाकरी होईल. पण बाजूला कुणी वाचत नसेल. त्याचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. सर खाली बघून हातातल्या पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. त्यांचे कान असे आहेत, की तीन घरं सोडून कुणी दहावीचा निकाल कुजबुजला तरी त्यांना टक्क्यांसकट ऐकू जातो.

"पॅनलला उत्तर नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांगा."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, "सर, त्यांना स्वयंपाक माझ्यापेक्षा..."

"तिथून नाई," तेजराव सर म्हणाले. "भाकरीपासून सांग."